पहिलाच बरा होता

फोन रात्रीतून अपडेट झाला, हे बाकीच्यांना बॅटरी लवकर उतरायला लागली की कळतं. काही थोड्यांना मात्र ते भुवयांवरून कळतं. सकाळी तोंडात ब्रश असतानाच त्यांच्या लक्षात येतं, की हनुवटीला हात लावून विचार करणाऱ्या इमोजीची एक भुवई कालपेक्षा जरा वर चढली आहे. समोर आरसा असून ते फोनकडेच बघत राहतात आणि फेसातून दिवसाचं पहिलं वाक्य बाहेर पडतं, "पहिलाच बरा होता."

या मंडळींचं खरं आडनाव काहीही असो, मी त्यांना पहिलेबरे म्हणतो. पहिलेबरे पुण्यात आहेत, बर्लिनमध्ये आहेत, सिएटलमध्येही आहेत. एरवी हे गृहस्थ बदलाला अजिबात भीत नाहीत. दर दोन वर्षांनी नोकरी बदलतात. भिंत पाडून स्वयंपाकघर हॉलमध्ये आणतात. वडिलोपार्जित शिसवी कपाट त्यांनीच भंगारवाल्याला दिलं, आणि तेही आई गावाला गेलेली असताना. पण त्या पिवळ्या चेहऱ्याच्या गालाला कोणी हात लावला, की त्यांच्यातला परंपरेचा पाईक जागा होतो.

आता ॲपलने आपल्या इमोजीत काही बदल केला तर पहिलेबरे फार तर सुस्कारा टाकतात. तिथे दाराला कुलूप आहे, आत काय शिजतं ते कळायची सोय नाही. खरी मजा मुक्तस्रोत संचांत. गूगलचा नोटो, ट्विटरने २०१४ मध्ये खुला केलेला ट्वेमोजी, मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२२ मध्ये खुला केलेला फ्लुएंट, जर्मनीतल्या एका डिझाइन महाविद्यालयात उभा राहिलेला ओपनमोजी. इथे सगळी चित्रं उघड्यावर असतात, कोणी कुठली रेघ कधी सरकवली याची तारीखवार नोंद असते आणि कोणालाही तक्रार नोंदवता येते. शेवटचं कलम नसतं तर पहिलेबऱ्यांनी आयुष्याचं काय केलं असतं, कोण जाणे.

त्यांची तक्रार कशी तयार होते, ते मी जवळून पाहिलं आहे. पडद्यावर जुनी आणि नवी अशी दोन चित्रं एकावर एक ठेवलेली असतात, वरचं अर्धपारदर्शक केलेलं. ट्वेमोजीचं चित्र छत्तीस बाय छत्तीसच्या चौकटीत बसवतात, एवढीशी जागा. पहिलेबरे ती आठशे टक्के मोठी करतात. मग ओठाचा उजवा कोपरा दाखवतात. "दिसलं?" मला काही दिसत नाही. ते आणखी मोठं करतात. आता पडद्यावर नुसताच पिवळा रंग असतो. "एफएफसीसी४डी," ते म्हणतात. हा ट्वेमोजीच्या चेहऱ्याचा पिवळा. हा आकडा त्यांना झोपेतही सांगता येतो. स्वतःच्या गाडीचा नंबर पार्किंगवाल्याला सांगायचा असला, तर मात्र ते मागे जाऊन पाटी वाचून येतात.

"पहिला" म्हणजे नक्की कुठला, हा प्रश्न त्यांना विचारू नये. मी विचारला होता. कारण खरं सांगायचं तर इमोजीला मूळ चित्र असं काही नसतंच. युनिकोड नावाची संस्था फक्त क्रमांक आणि नाव ठरवते. हसता हसता डोळ्यांत पाणी आलेला तो चेहरा, ज्याला ऑक्सफर्डच्या कोशवाल्यांनी २०१५ चा शब्द ठरवला, तो युनिकोडच्या लेखी १एफ६०२ आहे. अश्रू केवढे, दात किती, मान तिरपी की सरळ, हे ज्याचं त्याने काढायचं. अगदी मागेच जायचं तर जपानमध्ये डोकोमो कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १९९९ मध्ये केलेला १७६ चित्रांचा संच घ्यावा लागेल. बारा बाय बारा ठिपक्यांची ती चित्रं न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१६ मध्ये आपल्या संग्रहात घेतली. त्याच्याही आधी, १९९७ मध्ये, जपानमध्येच दुसऱ्या एका फोनवर इमोजी आलेले होते. हे सगळं मी पहिलेबऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "ती सुरुवातीची चाचपणी होती." म्हणजे पहिला तोच, जो त्यांच्या पहिल्या पगारातून घेतलेल्या फोनमध्ये होता. त्याच्या आधीची ती चाचपणी आणि नंतरचा तो ऱ्हास.

अँड्रॉइडवाल्या पहिलेबऱ्यांचा सुवर्णकाळ २०१३ ते २०१७ हा. अँड्रॉइड ४.४ बरोबर गूगलने रंगीत इमोजी आणले आणि त्यांत चेहरे गोल नव्हते. वर निमुळते, खाली पसरलेले, बसकट पिवळे गोळे होते. त्यांना ब्लॉब म्हणत. ब्लॉब रडला तरी आपल्याला हसू यायचं. २०१७ च्या मे महिन्यात गूगलने जाहीर केलं की आता ब्लॉब जाणार, आणि ऑगस्टमध्ये अँड्रॉइड ८ बरोबर सगळे चेहरे इतरांसारखे वाटोळे झाले. कारण समजण्यासारखं होतं. एका फोनवरून पाठवलेला भाव दुसऱ्या फोनवर निराळाच दिसत होता. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं होतं, की हसऱ्या डोळ्यांनी दात दाखवणारा एकच चेहरा एका कंपनीच्या चित्रात लोकांना आनंदी वाटतो, तर दुसरीच्या चित्रात ताणलेला. पहिलेबऱ्यांना हे मान्य आहे. त्यांचं म्हणणं एवढंच, की मग दुसऱ्या कंपन्यांनी ब्लॉब काढायला हवे होते.

इथे मुक्तस्रोताचं एक ठरलेलं उत्तर असतं आणि ते फार निर्दय आहे. चित्रं उघडी आहेत, परवाना तुमच्या बाजूने आहे, आवडत नसेल तर घ्या आणि आपला वेगळा संच काढा. याला फोर्क म्हणतात. आपल्याकडे गणपती मंडळं फुटतात त्यातलाच हा प्रकार. मूर्ती तीच, आरती तीच, फक्त मांडव समोरच्या फुटपाथवर. ब्लॉबचंही तसंच झालं. ब्लॉबमोजी नावाचा फोर्क निघाला आणि नव्याने आलेले इमोजीसुद्धा जुन्या वळणाने काढून कोणीतरी ते गोळे जिवंत ठेवले. पुढे ट्विटरची मालकी बदलली, ट्वेमोजीच्या मूळ संचात नवं काही येईना, तेव्हा पूर्वी त्यावर काम केलेल्यांनी त्याचाही फोर्क चालू केला. या कामाला हात दुखेस्तोवर रेघा ओढाव्या लागतात, तेही फुकट, नोकरीचे तास संपल्यावर. पहिलेबऱ्यांनी ब्लॉबमोजीसाठी काय केलं? पाठिंबा दिला. मग एक तक्रार नोंदवली, की नव्याने काढलेल्या प्राण्याचे कान अस्सल ब्लॉबी नाहीत.

पहिलेबऱ्यांचा जन्मोजन्मीचा वैरी म्हणजे सुधारक. हाही तसाच आठशे टक्क्यांवर बसलेला असतो, फक्त याला चुका दिसतात. २०१७ च्या ऑक्टोबरअखेरीस याच्या हाती मोठं घबाड लागलं. गूगलच्या बर्गरमध्ये चीज मांसाच्या खाली होतं. ॲपलच्या बर्गरमध्ये ते वर होतं. जगभर वाद पेटला. गूगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी रविवारी गमतीने जाहीर केलं, की सोमवारी सगळी कामं बाजूला ठेवून आधी हे बघतो, फक्त तुम्ही लोक कुठली रचना बरोबर ते एकमताने सांगा. एकमत! पुढच्या अँड्रॉइड ८.१ मध्ये चीज वर गेलं. बिअरच्या मगातही अर्ध्यावर बिअर, मध्ये पोकळी आणि वर तरंगता फेस असा एक वैज्ञानिक चमत्कार होता, तोही दुरुस्त झाला. पुढच्या वर्षीच्या गूगलच्या वार्षिक मेळाव्यात पिचाईंनी भाषणाला सुरुवातच या दोन्ही विषयांनी केली. सुधारकाचं आयुष्य सार्थकी लागलं. पहिलेबरे अजून म्हणतात, की चीज खाली असलं की पाव ओला होत नाही.

तत्त्वासाठी माणूस कुठवर जातो, याचा पुरावा मला सॅलडमध्ये मिळाला. २०१८ मध्ये गूगलने सॅलडच्या इमोजीतलं उकडलेलं अंडं काढून टाकलं, वीगन मंडळींनाही ते चालावं म्हणून. माझ्या ओळखीचे पहिलेबरे कट्टर शाकाहारी. हॉटेलात शेजारच्या टेबलावर ऑम्लेट आलं तर खुर्ची फिरवून बसणारे. ते त्या अंड्यासाठी चार दिवस भांडत होते. २०२१ मध्ये गूगलने ९९२ इमोजी एकदम बदलायला घेतले, तेव्हा मी त्यांना मुद्दाम फोन केला नाही.

त्यांच्यावर हसणं सोपं आहे. पण एका मुद्द्यावर मला त्यांचं पटतं. आपण शब्द लिहिला की तो लिहिला तसाच राहतो. इमोजी तसा राहत नाही. निरोपात साठवलेला असतो फक्त क्रमांक; चित्र प्रत्येक वेळी नव्याने फॉन्टमधून येतं. म्हणजे फॉन्ट बदलला की आजच्याबरोबर दहा वर्षांपूर्वीचे निरोपही बदलतात. पिस्तुलाचंच बघा. ॲपलने २०१६ मध्ये खऱ्या पिस्तुलाच्या जागी पाण्याची पिचकारी आणली. त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टने नेमकं उलटं केलं, खेळण्यातली बंदूक काढून खरी ठेवली. २०१८ मध्ये गूगल, ट्विटर, मायक्रोसॉफ्ट सगळेच पिचकारीवर आले. ट्विटरचं एक्स झाल्यावर २०२४ मध्ये तिथे पुन्हा खरं पिस्तूल परतलं. पहिलेबऱ्यांनी २०१५ मध्ये मित्राला लिहिलं होतं, "आज मॅनेजर काही वाचत नाही," आणि पुढे पिस्तूल. आता तो निरोप उघडला, तर पहिलेबरे मॅनेजरबरोबर रंगपंचमी खेळायला निघालेले दिसतात. त्यांना विचारलं कोणी? त्यांच्या परवानगीशिवाय त्यांचा राग ओला करून टाकला. हा मुद्दा बिनतोड आहे, आणि तो त्यांनी ओठाच्या कोपऱ्याच्या सतराव्या पुरवणी टिपेत दडवून ठेवला नसता, तर कोणी तरी वाचलाही असता.

त्यांना जिंकताही येत नाही, ही खरी पंचाईत. २०२० मध्ये अँड्रॉइड ११ बरोबर गूगलने काही प्राणी पुन्हा जुन्या वळणावर नेले. कासव परत आलं. मला वाटलं, घरी पेढे वाटतील. पहिलेबऱ्यांनी कासव मोठं केलं, बराच वेळ पाहिलं, आणि पाठ जरा जास्तच हिरवी झाली आहे असं म्हणून फोन उलटा ठेवला.

गेल्या दिवाळीत मात्र एक चमत्कार घडला. २०१९ मध्ये युनिकोडने आपल्याकडच्या काही वस्तूंना क्रमांक दिले: साडी, पणती, देऊळ आणि ऑटोरिक्षा. पणतीवर पहिलेबरे खूश होते. पण फराळाचं ताट हातात असताना त्यांचं लक्ष रिक्षाकडे गेलं. रिक्षा हिरवी-पिवळी. बोरिवलीत जन्मलेल्या माणसाला हे सोसवेना. मुंबईची रिक्षा काळी-पिवळी असते, हे शेंबड्या पोरालाही माहीत. चकली तशीच ठेवून ते उठले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बदल मागणारी तक्रार लिहिली. सोबत बोरिवली स्टेशनबाहेर स्वतः काढलेले फोटो जोडले, रंग असाच का असतो यावर दोन परिच्छेद लिहिले आणि शेवटी पुरोगामी सुरात बजावलं, की जुनं आहे एवढ्यासाठी चुकीचं चालू ठेवणं बरं नाही.

दुसऱ्या दिवशी दिल्लीहून एकाचं उत्तर आलं. त्याने आपल्या गल्लीतल्या हिरव्या-पिवळ्या सीएनजी रिक्षाचा फोटो डकवला होता आणि खाली एकच ओळ, "जो है, वही ठीक है।"

पहिलेबऱ्यांनी मला तातडीने फोन केला. आवाज थरथरत होता. "अरे, असतात काही माणसं," ते म्हणाले, "बदल म्हटला की अंगावर काटा येणारी. यांच्याशी बोलायचं तरी कसं?"