हला, म्हणजे आहात!

मनोरीला माणूस जातो तो मुख्यतः न हलण्यासाठी. मार्व्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीत पाय टाकायचा, खाडी ओलांडायची आणि मग रविवार संध्याकाळपर्यंत देहाला कसलीही तसदी द्यायची नाही, हा तिथल्या शनिवार-रविवारच्या बंगल्यांचा अलिखित नियम. गावातले कोळी आणि ईस्ट इंडियन दिवसभर राबतात, बंगलेवाले व्हरांड्यातल्या खुर्चीत पडून त्यांच्याकडे कौतुकाने बघतात. अशा गावात, जो हलतो तोच आहे असं मानणारं यंत्र बसवायचं ज्याला सुचलं तो धन्य. आमचे एक स्नेही असे धन्य आहेत.

त्यांनी बंगला ‘स्मार्ट’ केला. खोलीत माणूस शिरला की दिवा-पंखा सुरू, गेला की बंद. भिंतीवरची बटणं उखडली, भोकं बुजवली, वरून रंग दिला. बटण दाबणं हे म्हणे गेल्या शतकातलं काम. त्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी ते जेवून पुस्तक घेऊन बसले आणि दोन-तीन पानांत दिवा गेला. मागोमाग पंखा. त्यांनी हात वर करून हलवला, दिवा आला. पुन्हा दोन पानं, पुन्हा अंधार. रात्री दहाच्या सुमारास मंडळी पत्ते खेळायला बसली, तेव्हा ज्याचा डाव नाही त्याने हात हलवत राहायचं, असं ठरलं.

यात यंत्राचा दोष नाही. स्वस्तातला जो सेन्सर सगळीकडे बसवतात तो पीआयआर. आपल्या अंगातून सतत अवरक्त किरणं बाहेर पडतात. सेन्सरवरचं ते पांढरं, फुगीर प्लॅस्टिक म्हणजे खरं तर भिंग असतं. ते खोलीचे पट्टे पाडतं, आणि गरम अंग एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकलं की आतल्या तुकड्याला बदल जाणवतो. त्याला बदल कळतो, माणूस कळत नाही. हे तंत्र घराघरांत पसरलं ते चोर पकडण्यासाठी, आणि त्या कामात ते चोखही आहे. चोर आला की हलतो. पंचाईत एवढीच, की मालक आला की बसतो.

त्यात आपला उन्हाळा. माणसाच्या कातडीचं तापमान असतं साधारण ३३-३४ अंश. मे महिन्याच्या दुपारी खोलीही तेवढीच तापली, की भिंत कोणती आणि मालक कोणता, यातला फरक पीआयआरला दिसेनासा होतो. म्हणजे पंख्यावाचून जीव कासावीस होतो नेमका तेव्हाच पंख्याच्या लेखी तुम्ही नसता. ज्या थंड देशांत हे घरगुती लाड वाढले, तिथे ही अडचण कुणाच्या डोक्यातही आली नसेल.

आपण आहोत हे असं पुन्हा पुन्हा सिद्ध करणं पेन्शनवाल्यांना नवं वाटणार नाही. दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यायचा, समोर उभं राहूनही आपण जिवंत आहोत हे कागदावर दाखवायचं, याची त्यांना सवय आहे. २०१४ साली सरकारने ‘जीवन प्रमाण’ आणलं आणि हे काम बोटाच्या ठशावर होऊ लागलं. पुढे नुसता चेहरा दाखवूनही भागायला लागलं. सरकार हळूहळू सोपं होत गेलं आणि त्याच काळात आपण स्वतःच्या दिवाणखान्यात दर दोन मिनिटांनी हयातीचा दाखला मागणारी व्यवस्था पदरचे पैसे खर्चून उभी केली. सरकार निदान वर्षातून एकदाच विचारतं.

स्नेही हरणारे नव्हेत. त्यांनी वरच्या इयत्तेचे सेन्सर आणले. हे रडारवाले, २४ किंवा ६० गिगाहर्ट्झच्या लहरी सोडणारे. यांना तुम्ही चालायची गरज नाही. श्वास घेताना छाती जी काही मिलिमीटर वरखाली होते, तेवढ्यावर हे तुम्हाला ओळखतात. तंत्र खरोखर अचाट आहे. फक्त ज्यांनी ते केलं त्यांच्या छताला बहुधा पंखा नसावा. इथे काय झालं, की माणूस खोलीत आला, पंखा लागला. माणूस निघून गेला. पंखा फिरतोय. सेन्सर म्हणतो, काहीतरी हलतंय, म्हणजे कुणीतरी आहे. पंखा चालू ठेवा. पंख्याने पंख्याला रात्रभर चालू ठेवलं. दुसऱ्या खोलीत खिडकी उघडी होती आणि दर्यावरचा वारा पडद्याला स्वस्थ बसू देत नव्हता. तिथे पडद्यासाठी सकाळपर्यंत दिवा जळत होता.

यावर उपाय आहेत. सेन्सरची तीव्रता कमी करा, पंख्याचा भाग त्याच्या नजरेतून वगळा, सेन्सर दुसऱ्या भिंतीवर न्या. तीव्रता कमी केली तर पांघरुणात झोपलेलं नातवंड हिशेबातून गळतं. वाढवली तर लहरी प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे जातात आणि शेजारच्या खोलीतल्या पाहुण्याने कूस बदलली की इकडचा दिवा लागतो. स्नेह्यांचे दोन महिने या वाटाघाटीत गेले. न हलण्यासाठी घेतलेल्या बंगल्यात ते शिडीवरून उतरेनासे झाले.

हे सगळं वीज वाचवायला, असं ते सांगतात. ठीक, हिशेब करू. ९ वॉटचा एलईडी दिवा रोज दोन तास उगीच जळत राहिला, तर वर्षाला साडेसहा युनिटं. रडार सेन्सर स्वतः दिवसरात्र जागा असतो, आणि तो एक वॉट जरी खात असला तरी वर्षाला पावणेनऊ युनिटं. म्हणजे चोराला पकडायला ठेवलेला पहारेकरी चोरापेक्षा जास्त नेतो. एसी असेल तर गणित बदलतं, हे मान्य. अंधारा जिना, संडास, हातात भांडी घेऊन शिरायची कोठीची खोली, इथे तो गरीब पीआयआर खरोखर उपयोगी आहे. तिथे आपण बसून राहत नाही. निदान राहू नये.

पावसाळ्यात आणखी गंमत. एका रात्री वीज गेली, पहाटे तीनला आली. पुष्कळ स्मार्ट दिव्यांना मुळातच अशी शिकवण असते, की वीज परतली की पेटायचं. अख्खा बंगला उजळला. गावाकडे पहाटे तीनला घरभर दिवे म्हणजे कुणाला तरी बरं नाही. सकाळी शेजारच्या आंटी काळजीने विचारायला आल्या.

आता खरी गोष्ट. बंगल्याची देखभाल करायला गावातल्याच एक बाई आहेत. स्नेही आठवडाभर बोरिवलीत असतात आणि त्यांचा फोन त्यांना कळवत असतो: दिवाणखान्यात कुणीतरी आहे. कुणीतरी नाही. आहे. रात्री अकराला बाईंना फोन जातो, कोण आलंय? कुणी नाही, पंखा आहे. दुपारी फोन जातो, घर उघडं टाकून कुठे गेला होतात? कुठे नाही, खुर्चीत जरा डोळा लागला होता. दिव्यासाठी घेतलेलं यंत्र असं गपचूप हजेरीपट झालं. बाईंनी तक्रार तरी कुठे करावी? वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा २०२३चा कायदा आहे, पण कुणी स्वतःच्या घरगुती कामासाठी माहिती वापरली तर तो लागूच होत नाही. आणि बाईंचं कामाचं ठिकाण हेच दुसऱ्याचं घर.

वास्तविक त्या बंगल्यात कोण आलं, कोण गेलं, हे बाईंना कोणत्याही लहरीशिवाय कळतं. फेरीबोटीतून कोण उतरलं, हातात पिशवी होती की सामान, म्हणजे मुक्काम आहे की जेवून परत, हे पाहुणा फाटकाशी पोचायच्या आत त्यांच्यापर्यंत आलेलं असतं. त्या हिशेबानं भाताला आधण चढतं. हे ज्ञान बंद पडत नाही, त्याला वायफाय लागत नाही आणि ते पडद्याला माणूस समजत नाही.

गेल्या महिन्यात स्नेह्यांनी इलेक्ट्रिशियन बोलावून खोलीखोलीत एकेक बटण परत बसवून घेतलं. दिवे आता बटणाने लागतात, पाहुण्यांचं बाई बघतात. सेन्सर मात्र जागेवरच आहेत, कारण त्यांच्या देखभालीचा वर्षाचा करार नुकताच दहा टक्के वाढवून झालाय. बाईंच्या पगारवाढीचं पुढच्या वर्षी बघू, असं ठरलंय.