पुतणीचा मॅक अॅड्रेस

आमची चाळ खोताच्या वाडीच्या तोंडाशी. पागडीची खोली. आजोबांच्या नावाची भाडेपावती अजून त्याच पत्त्यावर येते आणि आजोबा नाहीत याची पोस्टमन सोडून कोणी फारशी दखल घेतलेली नाही. पत्ता बदलणं ही गोष्ट गिरगावात लग्नानंतर मुली करतात किंवा रिडेव्हलपमेंटवाले करवतात.

म्हणूनच पुतणीच्या कॉलेजने वाय-फायसाठी दिलेला फॉर्म बघून मी निर्धास्त होतो. नाव, रोल नंबर, विभागप्रमुखांची सही आणि शेवटी ‘मॅक अॅड्रेस’.

“काका, हा कुठला पत्ता?”

हा फोनचा पत्ता. नेटवर्कच्या कार्डाला कारखान्यातच मिळालेले बारा आकडे-अक्षरं. शून्य ते नऊ आणि ए ते एफ. तिने ती फोनमध्ये शोधून काढली, दोनदा तपासली, सही घेतली आणि फॉर्म दिला. खिडकीतल्या गृहस्थांनी तो अशा चेहऱ्याने ठेवून घेतला, की जणू आम्ही इंटरनेट नाही, म्हाडाचं घर मागतोय.

आठवडा गेला. फोन जोडला जाईना. “तुमचा अॅड्रेस रजिस्टर नाही,” खिडकी म्हणाली. रजिस्टर होता हो! पण हल्लीचे फोन कोणी पाळत ठेवू नये म्हणून प्रत्येक नेटवर्कला वेगळाच, बनवलेला पत्ता सांगतात. तिने फॉर्मवर लिहिला तो कारखान्यातला, खरा. फोन कॉलेजला सांगत होता तो खोटा. मालक इमानदार आणि फोन बेइमान. गुन्हा मात्र मालकाच्या नावावर.

मला आमचे दिवस आठवले. १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. विद्यार्थ्यांना शेल अकाउंट मिळायचं, म्हणजे पडद्यावर नुसती अक्षरं, चित्राचं नाव नाही. मोडेम किंचाळायचा, नंबर एंगेज लागायचा आणि लागला की आतून आई विचारायची, “झालं का? मावशीला फोन करायचाय.” पण पत्ता विचारत नव्हतं कोणी. त्याच्याही आधी, १९८६मध्ये, सरकारने अर्नेट नावाचा प्रकल्प सुरू करून देशातल्या मोजक्या संस्था एकमेकांना जोडायला घेतल्या होत्या. मुंबईतून त्यात पवईची आयआयटी आणि जुहूची एनसीएसटी. गिरगाव नव्हतं. गिरगावाला तोवर गॅलरी पुरत होती.

वाडीतल्या आँटींचा मुलगा युरोपात शिकतो. तो परवा व्हिडिओ कॉलवर सांगत होता, दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठात पाऊल टाकलं की फोन आपोआप जोडला जातो. एजुरोम म्हणतात त्याला. यजमान विद्यापीठाचा सर्व्हर त्याच्या घरच्या विद्यापीठाच्या सर्व्हरला विचारतो, हा तुमचा का? तिकडून ‘हो’ आलं की दार उघडं. पासवर्ड यजमानाला कळतसुद्धा नाही. म्हणजे नाक्यावर कोणी अडवलं, की वाडीतून आवाज येतो ना, “सोडा हो, आमच्यातलाच आहे,” तसंच. शंभरावर देशांत चालतं हे. भारतातही आहे, अर्नेटच सांभाळतं. आँटी कॅमेऱ्यात डोकावून म्हणाल्या, “तुज्या पोरीला पन तिकडंच धाड, लवकर लागंल नेट.”

पोरीला तिकडे धाडणं फॉर्मपेक्षा महाग पडलं असतं, म्हणून कॉलेजच्या शिपाईमामांना गाठलं. ते म्हणाले, “सेटिंगमध्ये जाऊन तो प्रायव्हेट अॅड्रेस बंद करा. सगळ्यांचं हेच असतं.” सगळ्यांचं हेच असतं, तर फॉर्मवर एक ओळ छापता येत नाही? मी विचारलं. “फॉर्म वरून येतो,” मामा म्हणाले.

तेव्हा ज्यांची मुलं यंदा कॉलेजात जाणार आहेत त्यांनी आधी कॉलेजच्या नेटवर्कपुरता तो प्रायव्हेट अॅड्रेस बंद करावा, मगच फॉर्म भरावा. आणि फॉर्मची झेरॉक्स काढून ठेवावी. मूळ प्रत हरवतेच.