टनामागे हजार

ट्रकच्या धंद्यात नफा राहत नाही, असं म्हणणाऱ्यांनी आयकर कायदा वाचलेला नसतो. त्या कायद्याच्या 44एई कलमाने 1994 सालापासून छोट्या ट्रकमालकाच्या नफ्याची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली आहे. दहापर्यंत गाड्या असतील तर वह्या ठेवू नका, पावत्या जपू नका. तुम्हाला नफा किती झाला ते सरकारच धरून चालेल. 2018च्या आधी हा नफा सरसकट होता, गाडीमागे महिना साडेसात हजार. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पापासून बारा टनांवरच्या गाडीचा नफा वजनावर मोजतात: टनामागे महिना एक हजार रुपये. वजन म्हणजे आरसी बुकात छापलेलं, गाडी अधिक माल असं पुरं वजन. गाडी भरलेली आहे की रिकामी, रस्त्यावर आहे की इंजिन उघडून गॅरेजात पडली आहे, याच्याशी कलमाला कर्तव्य नाही. महिन्यात एक दिवस मालकीची असली तरी पूर्ण महिन्याचा नफा.

एवढी खात्री मुदत ठेवीलाही नसते.

कळंबोलीत धंदा असलेले आमचे एक स्नेही आहेत. दहा टायरच्या चार गाड्या, प्रत्येकी साडेअठ्ठावीस टनांची. त्यांच्या सीएने कॅल्क्युलेटर न उघडता सांगितलं की एका गाडीचा वर्षाचा नफा 3,42,000 रुपये, चार गाड्यांचा 13,68,000. शेठ खुर्चीत सावरून बसले. ‘साहेब, एवढे पैसे आहेत कुठे?’

‘कायद्यात आहेत, शेठ.’

आणि ते वाढतेही आहेत. ज्या 2018 सालात नफा वजनाला बांधला, त्याच वर्षी जुलैमध्ये सरकारने गाड्यांचं मान्य वजन वाढवलं. तीन आसांची गाडी 25 टनांवरून साडेअठ्ठावीसवर गेली. मालकाने एक स्पॅनर उचलला नाही, तरी नव्या आरसी बुकाबरोबर त्याचा महिन्याचा नफा साडेतीन हजारांनी वर गेला. बाजारात मात्र उलटं झालं. गाड्यांची क्षमता एका रात्रीत फुगली, माल होता तेवढाच राहिला, आणि टनाचं भाडं खाली आलं. पण बाजार अडाणीच, तो राजपत्र वाचत नाही.

आता प्रत्यक्षात नफा कसा होतो ते पाहू. भिवंडीतून नागपूरचं भाडं लागतं. 2025च्या जूनमध्ये समृद्धी महामार्ग शेवटपर्यंत खुला झाल्याने सातशे किलोमीटरचा सरळसोट रस्ता आहे. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर देते असं धरा, पावणेदोनशे लिटर डिझेल, नव्वदच्या भावाने पंधरा-सोळा हजार. ते पंपावर रोख. टोल फास्टॅगमधून आपोआप जातो, त्यासाठी मालकाने जागं असण्याचीही गरज नसते. नागपूरला माल उतरला की परतीचं भाडं शोधायचं. संत्र्यांचा मोसम असेल तर ठीक, नाहीतर दलाल सांगतो, ‘जालन्याला सळई आहे, बघा.’ म्हणजे नागपूर ते जालना गाडी रिकामी. डिझेल तिथेही लागतं, पण त्याचं भाडं कुणी देत नाही. वाऱ्याची बिल्टी अजून कुणी फाडलेली नाही.

गोदामाच्या दारात पोहोचल्यावर वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची हमाली. वाहतूकदारांची घोषणा फार जुनी आहे, ‘ज्याचा माल त्याचा हमाल’, आणि ती ज्या ट्रकच्या मागे रंगवलेली असते त्याच ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून हमाली मोजत असतो. माल पाठवणारा म्हणतो घेणारा देईल, घेणारा म्हणतो पाठवणाऱ्याने द्यायला हवी होती. दोघांच्या मधे उभा असतो तो ड्रायव्हर, आणि त्याच्या मागे घाईत असतो तो मालक. तेव्हा देणारा आपोआप ठरतो.

फेरी संपली की ड्रायव्हर हिशेबाची चिठ्ठी देतो. शेठनी एकदा मला दाखवली होती, सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिलेली. डिझेल, भत्ता, पंक्चर, हमाली, हवा, नारळ. आणि मधेच दोन ठिकाणी नुसतं ‘एंट्री’. कुणाला दिली, कशासाठी दिली, हे लिहायचा रिवाज नाही. सगळ्या चिठ्ठीत खाडाखोड नसलेले तेवढेच दोन आकडे होते.

यानंतर भाड्याची बाकी. ॲडव्हान्स डिझेलमध्ये गेलेला असतो. बॅलन्स मिळतो पोहोच आल्यावर. पोहोच म्हणजे सहीशिक्क्याची बिल्टी, मूळ प्रत, झेरॉक्स चालत नाही, व्हॉट्सॲपवरचा फोटो तर नाहीच. ती ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जमा केल्यावर कळतं की दोन पोती ओली निघाली, गाडी अर्धा दिवस उशिरा पोहोचली, आणि बिलं सही करणारे साहेब रजेवर आहेत. गाडी दारात चार दिवस उभी राहिली त्याचं हॉल्टिंग मागितलं तर उत्तर येतं, ‘शेठ, आपले इतक्या वर्षांचे संबंध.’ हे संबंध नव्वद दिवसांच्या उधारीचे असतात. डिझेलवाल्याशी असे संबंध जुळत नाहीत, फायनान्सच्या हप्त्याशी तर मुळीच नाही.

मग अनुभवी माणसं सल्ला देतात की दोन टन जास्त भरा. या मार्गाने पूर्वी पुष्कळांची घरं उभी राहिली. 2019च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडचा दंड वीस हजार, वर जादा टनामागे दोन हजार, शिवाय जादा माल उतरवायचा खर्च वेगळा. म्हणजे नियमातल्या टनावर महिन्याला हजार रुपये मिळतात असं एक खातं मानतं, आणि नियमाबाहेरच्या टनावर एका फेरीला दोन हजार दुसरं घेतं. टनाची किंमत सरकारला दोन्ही बाजूंनी पाठ आहे. ती ठाऊक नाही फक्त भाडं देणाऱ्या पार्टीला.

ई-चलनाबद्दल मालक लोक विनाकारण रागावतात. 2025च्या जुलैत तर त्यावरून राज्यभर संप पुकारला. वास्तविक ही मोठी सोय आहे. गाडी कुठे आहे हे ड्रायव्हर फोनवर कधीच खरं सांगत नाही. चलन सांगतं, फोटोसकट, वेळेसकट. पाचशे रुपयांत अशी सेवा कोण देतो? एकाच जागी गाडी उभी असताना तीन वेळा फोटो आला तर गाडी तिथून हललेली नाही एवढा दिलासा तरी मिळतो.

सरकारला ड्रायव्हरचीही काळजी आहे. 2025 सालात नव्याने बनणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. याला विरोध करायचं कारण नाही, वैशाखात त्या केबिनमध्ये अर्धा तास बसून पाहावं. फक्त या धंद्यात आता घाम येणारा माणूस एकच उरला.

तर पुन्हा ते तेरा लाख अडुसष्ट हजार. शेठनी सीएला विचारलं, नफा झाला नाही असं लिहून देता येईल का? येतं. कायद्यात मुभा आहे. त्यासाठी चारही गाड्यांच्या वह्या ठेवायच्या आणि ऑडिट करून घ्यायचं. शेठच्या नजरेसमोर सिगारेटचं पाकीट आलं असावं. ‘एंट्री’ कुठल्या खात्यात टाकायची, हे त्यांनी विचारलं नाही आणि सीएने सांगितलं नाही. डिझेलने 2021 साली मुंबईत शंभरी ओलांडली होती, त्याचं काही? कलमात डिझेल नाही. 2020च्या टाळेबंदीत गाड्या उभ्या होत्या, त्यांचं? कलमात टाळेबंदीही नाही. कलमात फक्त टन आहेत.

सीएने नवी कररचना मांडून दाखवली. बारा लाखांपर्यंत कर नाही, म्हणजे तीन गाड्यांचा न झालेला नफा बिनकराचा. चौथ्या गाडीने घात केला. उपकर धरून अठ्ठ्याऐंशी हजारांवर कर बसला. ‘चौथी वहिनींच्या नावावर घ्यायला हवी होती,’ सीए म्हणाला, ‘पण पैसे त्यांचे दाखवावे लागले असते.’

शेठनी रिटर्न भरलं, कर भरला, त्यासाठी चुलत भावाकडून उसने घेतले. महिन्याभरात फायनान्स कंपनीच्या पोराचा फोन आला. त्याने रिटर्न पाहिलं होतं. तेरा लाख अडुसष्ट हजार उत्पन्न, कर वेळेवर भरलेला, एकही हप्ता बुडालेला नाही. असं गिऱ्हाईक कळंबोलीत दिवा लावून शोधलं तरी सापडत नाही, असं तो म्हणाला. पाचवी गाडी एसी केबिनची, डाउन पेमेंट नावालाच, कर्ज आठवड्यात मंजूर.

धरून चाललेल्या नफ्यावर खरंखुरं कर्ज मिळत होतं. शेठनी तिथल्या तिथे होकार दिला आणि मेहुण्याला पॅन कार्ड घेऊन बोलावलं.