नऊ पंचे पंचेचाळीस

जयसिंगपुराबाहेर, सांगली-कोल्हापूर रस्त्याला लागून एक वजनकाटा आहे. त्याच्या केबिनीत बसणाऱ्या गृहस्थांना चर्चच्या मंडळीत ब्रदर म्हणतात, मिरजेच्या पाहुण्यांत भाऊजी म्हणतात. पण उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांनी लावलेलं 'मामा' तेवढं कायमचं चिकटलं. मामांचे आजोबा मिरजेला डॉ. वानलेस यांच्या मिशन हॉस्पिटलात कंपाउंडर होते. 1894 साली सुरू झालेला दवाखाना, त्यामुळे घराण्याला शिस्त जुनी. आजोबा घंटेवर उठायचे, वडील घंटेवर जेवायचे. मामांच्या वाट्याला घंटा उरली नाही, म्हणून त्यांनी वही घातली.

गावानंही त्यांना फूस दिली असणार. शाहू महाराजांनी वडिलांच्या, जयसिंगरावांच्या नावानं हे गाव वसवलं ते सरळ रेघा ओढून, गल्ल्यांना नंबर घालून. कुणाचं घर शोधायचं तर वळणं विचारावी लागत नाहीत, गल्लीचा नंबर पुरतो. अशा गावात जन्म काढल्यावर स्वभावही असाच आखून घेता येईल असं एखाद्याला वाटलं, तर नवल नाही.

बायबलात पौलानं गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात आत्म्याची नऊ फळं मोजून दिली आहेत. प्रीतीपासून सुरुवात, इंद्रियदमनाशी शेवट. मामांनी एका आठवड्याला एक असं टाइमटेबल लावलं. रविवारी मिरजेहून उपासना आटोपून आलं की नवं फळ सुरू; शनिवारी रात्री जेवणं झाली की शेरा. वहीत रकाने चार: तारीख, प्रसंग, वर्तन, शेरा. अक्षर काट्याच्या रजिस्टरातलंच, त्यामुळे 'ममता' हा शब्दसुद्धा टनात असल्यासारखा दिसतो.

सगळ्यांना धास्ती असते ती सहनशीलतेच्या आठवड्याची. सहनशीलता दाखवायला आधी काहीतरी सहन करावं लागतं, आणि मामांना मुळात कुणी त्रास देत नाही. मग ते त्रास शोधत निघतात. बँकेत सगळ्यात लांब रांग धरतात. घरी टीव्हीवर त्यांना न आवडणारी मालिका मुद्दाम लावतात, ती मामींनाही आवडत नसली तरी. एकदा भाचीच्या साखरपुड्याला दोघं स्कूटरवरून मिरजेला निघाली. उदगावच्या पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर आडवा आला. टेप फुल्ल, वाऱ्यावर पाचट उडतंय, उजवी बाजू पार अंकलीपर्यंत मोकळी. मामींनी पाठीत दोनदा बोट टोचलं. मामा हलले नाहीत. पोचले तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या आणि आइस्क्रीमचे कप गोळा करत होते. वहीत नोंद पडली: 'ट्रॅक्टर. ओव्हरटेक केले नाही. उत्तम.' मागच्या सीटवर जी सहनशीलता खर्ची पडली, तिला वहीत रकाना नव्हता.

सौम्यतेच्या आठवड्यात मामा काट्यावर इतकं हळू बोलतात की ड्रायव्हरला वजन ऐकूच येत नाही.

"मामा, घसा बसलाय काय ओ?"

"नाही, सौम्यता आहे," मामा कुजबुजतात.

"मग हळद टाकून दूध घ्या की!"

एके वर्षी शांतीचा आठवडा नेमका ऊस परिषदेला गाठ पडला. विक्रमसिंह मैदान खच्चून भरलेलं, पहिल्या उचलीचा आकडा काय पडतो याकडे अख्ख्या तालुक्याचे कान. मैदानाच्या कडेला दोन शेतकरी दरावरून एकमेकांवर ओरडत होते. मामा मध्ये पडले आणि दोघांना शांत व्हायला सांगू लागले. त्या दोघांचं दरावर आधीपासूनच एकमत होतं, ते नुसते जोरात बोलत होते. मामांनी शांत केल्यावर मात्र दोघं मिळून मामांवर ओरडले. शेरा: 'शांती. दोन्ही बाजूंत समेट.'

शेजारचे आण्णा दिगंबर जैन. भाद्रपदातल्या दशलक्षण पर्वात उत्तम क्षमेपासून उत्तम ब्रह्मचर्यापर्यंत दहा धर्म ते दहा दिवसांत घेतात. आपल्याला नऊ गुणांना नऊ आठवडे लागतात, हे मामांच्या मनाला लागून राहिलं आहे. पर्व संपलं की क्षमावाणीला आण्णा हात जोडून दारात येतात आणि वर्षभरात काही चुकलं असेल तर माफ करा म्हणतात. पहिल्या वर्षी मामा गोंधळले. वही उघडून म्हणाले, "आण्णा, सध्या आनंद चालू आहे. क्षमा सहनशीलतेत धरतो मी, ती दोन आठवड्यांनी येते." आण्णा हसले, "तवर मी थांबतो. पण तुमचा आनंद लई गंभीर दिसतोय ओ."

मामींनी एकदा तोंड उघडलं. त्या कवठेसारच्या, माहेरी ऊस. म्हणाल्या, "अहो, आडसाली लावण सोळा-अठरा महिने रानात उभी असती. तुमचं फळ दर शनिवारी कसं तोडणीला येतंय?" मामांनी हा प्रसंग सौम्यतेत धरला आणि उत्तर दिलं नाही.

आता गणित. अठराव्या शतकात फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिननं हाच उद्योग केला होता. त्यानं गुण घेतले तेरा, आठवड्याला एक. तेरा चोक बावन्न, वर्ष नीट संपतं. वहीत चुकांचे काळे ठिपके मारता मारता त्यानं शेवटी कबूल केलं की अहंकार काही जात नाही, आणि गेलाच तर नम्रतेचा अहंकार होईल. मामांचं मात्र नऊ पंचे पंचेचाळीस. वर सात आठवडे उरतात. या सात आठवड्यांना फळ नाही, म्हणून वही पेटीत जाते.

हे सात आठवडे म्हणजे मामींचा सण. त्या म्हणतात, "त्या दिवसांत माणूस लई बरा असतो." खरंच असतो. गाडी पुढं काढतात. आवडीची मालिका लावतात, आणि बघता बघता झोपतात. कुणी हातउसने मागितले तर देतात आणि विसरतात.

काट्यावर तर एक गोष्ट मामा बाराही महिने करतात, पण ती वहीत कधीच आलेली नाही. पावसात किंवा ओल्या रानातून आलेला ट्रॅक्टर प्लेटवर चिखल सोडून जातो. गाडी उतरली तरी आकडा शून्यावर येत नाही. पंधरा किलो, वीस किलो दाखवत राहतो. बटण दाबून झिरो करता येतं. मामा बटण दाबत नाहीत. खराटा घेतात, चिखल खरवडून काढतात, कोपऱ्यातला गोळा पायानं ढकलतात, मग आत येऊन आकडा बघतात. पुढच्या शेतकऱ्याच्या वजनात कुणाचं रान मोजलं जायला नको. फक्त विश्वासूपणाच्या आठवड्यात ते हे सोडून ड्रायव्हरांना खऱ्या मापाबद्दल प्रवचन देतात, आणि मागं रांग लागते.

2019 च्या ऑगस्टात कृष्णा-पंचगंगेनं शिरोळ तालुका बुडवला, तेव्हा जयसिंगपूर उंचावर म्हणून खालच्या गावांची माणसं इथं आली. मामांच्या दोन खोल्यांत मामींच्या माहेरची चौदा माणसं आणि केबिनीमागं त्यांच्या तीन म्हशी. मामा दिवसभर वैरण आणि दूध यांच्या मागं पळत होते. एका म्हशीनं त्यांच्या रविवारच्या पँटवर बैठक मारली, तरी ते काही बोलले नाहीत. पाणी उतरल्यावर वही उघडून मोठ्या खिन्न मनानं त्यांनी लिहिलं: 'सहनशीलतेचा आठवडा. पुरामुळे सराव झाला नाही.'

मामींसारखं सोसणं मराठी ख्रिस्ती घरांना नवीन नाही. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्याला ठाऊक असतं की रेव्हरंड टिळकांच्या औदार्याचा घरातला जमाखर्च त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना जुळवावा लागायचा. सद्गुण एकाचा आणि त्याचा हप्ता दुसऱ्याच्या पगारातून, ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे. फरक इतकाच की टिळक वही ठेवत नव्हते.

परवा मामा केबिनीतून धावतच घरी आले. सात रिकाम्या आठवड्यांचा प्रश्न सुटला होता. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात, पहिल्याच अध्यायात, विश्वासाला एकापुढे एक जोडायच्या गोष्टी दिल्या आहेत. त्यांनी मोजल्या. नेमक्या सात. पंचेचाळीस आणि सात, बावन्न. आता एकही आठवडा वाया जाणार नाही.

मामी भाकरी थापत होत्या. हात तसाच परातीत राहिला.

"पौलाचं मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "त्याला बायको नव्हती. पण पेत्राला तर सासूसुद्धा होती ओ!"