गुडघ्याला बाशिंग

न्यूयॉर्क जेट्स हा अमेरिकी फुटबॉलचा संघ न्यूयॉर्कमध्ये खेळत नाही. त्याचं मैदान न्यू जर्सीत, ईस्ट रदरफर्डला आहे. म्हणजे त्याच राज्यातल्या एडिसनच्या मराठी मंडळींना रविवारी दुपारी गाडी काढून, संघाला हरताना बघून, रात्रीच्या वरणभाताला घरी परतता येतं. या संघाने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, एकदाच जिंकला, जानेवारी 1969 मध्ये. त्या वेळी संघाच्या जो नेमथने सामन्याआधीच जाहीर हमी दिली होती आणि बाल्टिमोर कोल्ट्सना 16-7 असं हरवून ती पाळलीही. त्यानंतर हमी देणारे पुष्कळ आले. पाळणारा कुणी आला नाही. 2010 च्या हंगामानंतर तर जेट्सने प्लेऑफचा उंबरठाही ओलांडलेला नाही.

अशा घरात दर दोन-चार वर्षांनी एकच वाद पेटतो. क्वार्टरबॅक म्हणून नावाजलेला, मुरलेला गडी आणायचा, की सगळं मोडून पायापासून नवा संघ बांधायचा? क्वार्टरबॅक म्हणजे अमेरिकी फुटबॉलमधला घरचा कर्ता. जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू आधी त्याच्या हाती येतो. जिंकलं तर जाहिराती त्याला मिळतात, हरलं तर नोकरी प्रशिक्षकाची जाते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवलं की पुढचा सगळा खेळ समजायला सोपा जातो.

2023 च्या वसंतात जेट्सने गुडघ्याला बाशिंग बांधलं. स्थळ ग्रीन बे पॅकर्सचं होतं: ॲरन रॉजर्स, वय 39, चार वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू, पदरी एक सुपर बोल. पण नवरदेव लवकर होकार देईना. फेब्रुवारीत तो ओरेगनमध्ये मिट्ट काळोखात चार दिवस एकांतवासात राहून आला. मार्चमध्ये पॅट मॅकाफीच्या कार्यक्रमात बसून त्याने जेट्सकडून खेळायचा मानस जाहीर केला. एप्रिलमध्ये याद्या झाल्या. जेट्सने ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक वाटपातली, आपली 13 वी निवड देऊन पॅकर्सची 15 वी घेतली, वर दुसऱ्या फेरीतली एक निवड दिली, आणि पुढच्या वर्षीची आणखी एक कबूल केली. रॉजर्स हंगामातल्या 65 टक्के चाली खेळला, तर ती दुसऱ्या फेरीतून पहिल्या फेरीवर चढणार होती.

वऱ्हाडाचीही सोय होती. नॅथॅनिएल हॅकेट हे पॅकर्समध्ये रॉजर्सबरोबर काम केलेले प्रशिक्षक. डेन्व्हरने त्यांना पहिल्याच हंगामात, 15 सामन्यांत घरी पाठवलं होतं. जेट्सने त्यांना जानेवारीतच आक्रमणाची सूत्रं देऊन मांडवात आणून बसवलं. ॲलन लझार्ड, रँडल कॉब, टिम बॉयल हे जुने सवंगडीही आले. सराव शिबिरात एचबीओचे कॅमेरे लागले. मुलगा काय करतो, हे सोडून बाकी सगळं देशभर दिसलं.

मग 11 सप्टेंबरची रात्र आली. न्यूयॉर्कच्या परिसरात या तारखेला काय वजन आहे ते सांगायला नको. रॉजर्स हातात अमेरिकेचा झेंडा घेऊन बोगद्यातून धावत आला, मैदान दणाणून गेलं. समोर बफेलो बिल्स. त्याच्या चौथ्या चालीला लेनर्ड फ्लॉइडने त्याला पाडलं. तो उठून उभा राहिला आणि दोन क्षणांत पुन्हा गवतावर बसला. डाव्या टाचेमागची अकिलिस शीर तुटली होती. हंगाम संपला. आत आला झॅक विल्सन, म्हणजे 2021 च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला, पुनर्बांधणीचा अधिकृत पाया म्हणून आणलेला आणि रॉजर्सच्या हाताखाली आता शांतपणे शिकेल अशी ज्याची सोय लावली होती तोच मुलगा. शिकवणी चार चालींत आटोपली. गंमत म्हणजे जेट्सने तो सामना 22-16 असा जिंकला. म्हाताऱ्याच्या जोरावर नाही आणि पोराच्याही नाही, तर जादा वेळेत पंट, म्हणजे समोरच्यांनी लाथेने उडवलेला चेंडू, परतवत धावलेल्या झेव्हियर गिप्सन नावाच्या नवख्याच्या पायांवर.

त्या वर्षी 7 विजय, 10 पराभव. पुढच्या वर्षी रॉजर्स बरा होऊन सगळे 17 सामने खेळला, 28 टचडाउन पास दिले, आणि संघाचे विजय सातावरून पाचावर आले. ऑक्टोबर 2024 मध्ये मुख्य प्रशिक्षक रॉबर्ट साला यांना नारळ मिळाला. त्याच महिन्यात वऱ्हाडात एक पाहुणा वाढला, जुना मित्र दवान्ते ॲडम्स. नोव्हेंबरमध्ये जनरल मॅनेजर जो डग्लस गेले. 2025 च्या फेब्रुवारीत नवरदेवालाही निरोप दिला गेला.

आता हे सगळं पहिल्यांदाच झालं असतं, तर जेट्सची दया आली असती. पण 2008 मध्ये याच संघाने याच ग्रीन बेहून ब्रेट फार्व्ह आणला होता. तोही त्या हंगामात 39 चा झाला. आठ सामने जिंकून तीन हरलेले, शहरात सुपर बोलच्या गप्पा, आणि मग खांदा-दंडाच्या दुखण्याने फार्व्हचे पास भलतीकडे जाऊ लागले. शेवट 9-7, प्लेऑफ नाही, प्रशिक्षक एरिक मँजिनी घरी. फार्व्ह पुढच्या वर्षी मिनेसोटाला गेला आणि तिथे 33 टचडाउन पास देऊन आला.

या दोन्ही सौद्यांत विकणाऱ्याकडे कुणी बघत नाही, आणि खरा शहाणा तोच आहे. पॅकर्सने फार्व्ह असतानाच 2005 मध्ये रॉजर्सला निवडून तीन वर्षं बाकावर बसवलं. रॉजर्स असताना 2020 मध्ये जॉर्डन लव्हला निवडलं आणि त्यालाही तीन वर्षं बसवलं. रॉजर्स चिडला, चाहते चिडले. 2023 च्या हंगामात जेट्स टाचेवर बर्फ ठेवत होते, तेव्हा लव्हने पॅकर्सना प्लेऑफमध्ये नेऊन डॅलसला त्यांच्याच मैदानात 48-32 असं हरवलं. म्हातारा की तरुण, हा वादच त्या घरात होत नाही, कारण दोघेही घरात असतात.

‘पण ब्रेडी?’ असं कुणीतरी म्हणणारच. टॉम ब्रेडीने 43 व्या वर्षी टॅम्पा बेला सुपर बोल जिंकून दिला. पेटन मॅनिंगने मानेच्या शस्त्रक्रियांनंतर डेन्व्हरला एक दिला. खरं आहे. पण टॅम्पाकडे पास झेलणारे माइक एव्हन्स आणि क्रिस गॉडविन आधीच होते, तिथला आदला क्वार्टरबॅक एका हंगामात 30 वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात देत होता, आणि तरीही त्यांनी सात सामने जिंकले होते. कमी होती ती एका शहाण्या माणसाची. क्वार्टरबॅक रसेल विल्सनला आणताना डेन्व्हरने हीच पोथी पुन्हा वाचली, 24 कोटी 50 लाख डॉलरचा करार केला, आणि तो नव्याने लागू होण्याआधीच 2024 मध्ये त्याला सोडून दिलं. वेतनमर्यादेच्या खात्यावर साडेआठ कोटींच्या आसपास डॉलरचा ‘डेड मनी’ बसला. ‘डेड मनी’ म्हणजे गेलेल्या माणसाचा पगार.

पुनर्बांधणीवाल्यांनी मात्र खूश होऊ नये. क्लीव्हलंड ब्राउन्सने ती मनापासून करून बघितली. 2016 मध्ये एक विजय, 2017 मध्ये एकही नाही. सोळाच्या सोळा पराभवांनंतर चाहत्यांनी जानेवारीच्या कडाक्यात स्टेडियमभोवती ‘परफेक्ट सीझन’ची मिरवणूक काढली. फळ मिळालंही: 2018 ची पहिली निवड बेकर मेफील्डने 2020 मध्ये संघाला प्लेऑफमध्ये नेलं. तेवढ्यात मालकांचा धीर सुटला. 2022 मध्ये पहिल्या फेरीतल्या तीन निवडी देऊन क्वार्टरबॅक डिशॉन वॉटसनला आणलं आणि त्याला 23 कोटी डॉलर पूर्ण हमीसह दिले. पाच वर्षं गोळा केलेलं एका दुपारी उडवलं.

जेट्सचंही तेच. 2018 मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला सॅम डार्नल्ड तीन वर्षांत नापास ठरवून काढून टाकला. त्याच डार्नल्डने 2024 मध्ये मिनेसोटाकडून 14 सामने जिंकले. मुलगा बिघडलेला नव्हता. शाळा बघायला हवी होती.

तेव्हा वयाचा मुद्दा बाजूला ठेवून जरा नोकरीचा मुद्दा बघावा. पुनर्बांधणीला चार-पाच वर्षं लागतात आणि तिचं फळ बहुधा पुढचा मॅनेजर खातो. नावाजलेला म्हातारा आणला की मालक खूश, तिकिटं खपतात आणि ‘यंदा बघू’ म्हणायला एक वर्ष मिळतं. साला आणि डग्लस यांना रॉजर्सने दीड वर्ष मिळवून दिलं. त्याची किंमत जेट्सच्या खात्यावर 4 कोटी 90 लाख डॉलरचा डेड मनी. 2025 च्या पहिल्याच सामन्यात 41 वर्षांचा रॉजर्स पिट्सबर्गच्या जर्सीत त्याच ईस्ट रदरफर्डला आला आणि चार टचडाउन पास देऊन जेट्सना 34-32 असं हरवून गेला.

आणि हे दुखणं सांसर्गिक आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये जेट्सने अखेर मोडतोड सुरू केली. आपला बचावपटू सॉस गार्डनर इंडियानापोलिस कोल्ट्सना देऊन त्यांच्या 2026 आणि 2027 च्या पहिल्या फेरीतल्या निवडी घेतल्या. कोल्ट्स तेव्हा हवेत होते. महिन्याभरात त्यांच्या क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सची अकिलिस शीर तुटली. हाताशी पहिल्या फेरीतल्या निवडी नाहीत, तरणा भरवशाचा नाही. त्यांनी फिलिप रिव्हर्सला बोलावलं: वय 44, निवृत्त होऊन जवळजवळ पाच वर्षं झालेली, दहा मुलांचा बाप, एका नातवंडाचा आजोबा, अलाबामातल्या शाळेचा प्रशिक्षक. आजोबा आले, लाज राखली, पण सिएटलविरुद्ध 18-16 असे हरले. समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक होता सॅम डार्नल्ड.

रिव्हर्स आणखी दोन सामने खेळला, तेही गेले. ज्यांनी 8-2 अशी सुरुवात केली होती त्या कोल्ट्सचा हंगाम 8-9 वर संपला. त्यामुळे त्यांच्या 2026 च्या ज्या निवडीची किंमत सौद्याच्या दिवशी कुणी फार धरली नव्हती, ती घसघशीत वधारली. ती जेट्सच्या तिजोरीत आली, 2027 ची आणखी एक आली, आणि डॅलसशी झालेल्या वेगळ्या सौद्यातलीही आली. एडिसनच्या मंडळींनी मालकांना एकच अर्ज करावा: या निवडी खुशाल चुकीच्या पोरांवर घालवा, पण ग्रीन बेचा फोन आला तर उचलू नका.