चारशेविसाला एक शतांश कमी

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात ७० क्रमांकाच्या महामार्गावर ४२० मैलांचा फलक टिकेना. लावला की चोरीला जायचा, कारण ४२० हा तिकडे गांजेकसांचा खुणेचा आकडा. आपल्याकडे तो लबाडांचा होता. १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेने त्याचा ३१८ केला. (कुणाला ‘तीनशे अठरा’ म्हणून बघा, अजून राग येत नाही.) शेवटी कोलोरॅडोच्या रस्ते खात्याने डोकं लढवून नवा फलक ठोकला : ४१९.९९.

रस्ता तोच, आकडा तेवढा बदलला. गांजा ओढून गाडी हाकणाऱ्यांचा बंदोबस्तही ते राज्य साधारण याच अकलेने करत आलं आहे.

नोव्हेंबर २०१२ मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्यांच्या मतदारांनी गांजा मोकळा केला. १ जानेवारी २०१४ ला कोलोरॅडोत दुकानं उघडली आणि लोक भर थंडीत रांगेत उभे राहिले. वयाची एकवीस वर्षं पूर्ण झाली असली की माल खुशाल विकत घ्यावा. फक्त तो दुकानात ओढू नये, रस्त्यावर ओढू नये, बागेत ओढू नये, आणि गाडीत तर नाहीच नाही. बहुतेक हॉटेलंही हात जोडणार. म्हणजे लग्न सरकारने लावून दिलं, पण जोडप्याला घरात कुणी घेईना. आणि अमेरिकेत गाडीवाचून पान हलत नाही. गिऱ्हाईक गाडीतून येणार आणि गाडीतूनच जाणार, हे सरकारला ठाऊक नव्हतं असं म्हणणं म्हणजे सरकारनेच दोन झुरके मारले होते असं म्हणण्यासारखं आहे.

आता याला पकडायचा कसा? दारू हे त्या मानाने सरळ व्यसन. तोंडाला वास, जिभेला गाठ, आणि नळीत फुंकलं की यंत्रावर आकडा. गांजाचा स्वभावच निराळा. त्यातलं नशेचं रसायन, टीएचसी, चरबीत मुरतं. झुरका मारल्यावर काही मिनिटांत ते रक्तात शिखर गाठतं आणि तासाभरात धाडकन खाली येतं. नशा मात्र पाहुण्यासारखी रेंगाळते. उलट रोज ओढणाऱ्याच्या अंगातून ते, चिलमीला हात न लावताही, पुढे काही दिवस झिरपत राहतं. गांजाचं चॉकलेट खाणाऱ्याचं वेळापत्रक तर आणखी वेगळं. तासभर काही होत नाही म्हणून तो दुसरा तुकडा खातो, आणि मग दोन्ही तुकडे एकदम हजेरी लावतात.

पण कायद्याला आकडा लागतो. आकड्याशिवाय आरोपपत्राला शोभा नाही. म्हणून दोन्ही राज्यांनी ठरवलं, रक्ताच्या एका मिलीलिटरमध्ये ५ नॅनोग्रॅम. वॉशिंग्टनमध्ये तेवढं सापडलं की गुन्हा सिद्ध. कोलोरॅडोत ज्यूरीला वाटलं तर तिने माणूस नशेत होता असं धरून चालावं. रक्त घ्यायला दोन तासांची मुभा. तेवढ्या वेळात नवशिका, ज्याला स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे तेही उमगत नव्हतं, तो पाचाच्या खाली उतरून सभ्य नागरिक होतो. आणि काल रात्री ओढून, सुखाने झोपून, सकाळी कामावर निघालेला जुना गडी कागदावर तर्र ठरू शकतो. २०१६ मध्ये अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या संशोधन संस्थेने स्वच्छ सांगितलं, की अशी मर्यादा आखायला शास्त्राचा आधार नाही. सरकारने ऐकून घेतलं. आकडा जागच्या जागी आहे.

इतरांचंही बघावं. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ ला गांजा खुला केला. तिथे २ नॅनोग्रॅमला दंड, ५ ला मोठा गुन्हा. जर्मनीने १ एप्रिल २०२४ ला दार उघडलं आणि त्याच ऑगस्टमध्ये मर्यादा १ वरून ३.५ वर नेली. त्यातही जर्मन माणूस शिस्तीचा. तो आख्ख्या रक्तात मोजत नाही, पेशी काढून उरलेल्या द्रवात मोजतो, त्यामुळे त्याचा आकडा शेजाऱ्याच्या आकड्याशी ताडूनसुद्धा बघता येत नाही. कॅनडाने लाळ तपासणारं यंत्रही मंजूर केलं. ते वापरायचं ४ ते ४० अंश सेल्सियसमध्ये. कॅनडात! जानेवारीत!

‘आम्ही ओढल्यावर उलट हळूच चालवतो’ असा गांजेकसांचा एक लाडका युक्तिवाद आहे. वेग कमी होतो, हे प्रयोगांत दिसलंय. त्याच प्रयोगांत गाडी आपली पट्टी सोडून नागमोडी जाते, हेही दिसलंय, पण ते यांना सोयीस्करपणे आठवत नाही. वर दारूही घेतली असेल तर विचारूच नका.

मग पोलिसाने करायचं काय? टाचेला बोट लावून नऊ पावलं चालवा, एका पायावर उभं करा. २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यातही पाचर मारली : या कसोट्या दारूसाठी आखलेल्या, गांजाच्या नशेचा तो निर्णायक पुरावा मानता येणार नाही. आता उरतो खास प्रशिक्षण घेतलेला पोलीस. तो बारा पायऱ्यांनी तपासतो. नाडी बघतो, डोळ्यांच्या बाहुल्या बघतो, दंड चाचपतो आणि मत देतो.

वाचून ऊर भरून आला. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ने हे १९८८ मध्येच करून ठेवलंय. दारूला आता १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची हद्द. अमली पदार्थाला आकडाच नाही. वाहनावर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल चढला असला म्हणजे झालं. ते ठरवणार कोण? नाक्यावर बॅटरी मारून डोळ्यांत बघणारे आमचे हवालदार. बारा पायऱ्या ते एका नजरेत उरकतात.

पहिल्या खेपेला दंड दहा हजारांचा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तेव्हा गांजाबंदीच्या कायद्यातून झाडाची पानं वगळली म्हणून होळीला भांगेची थंडाई पिणाऱ्यांना विनंती, की किल्ली घरी ठेवा आणि रिक्षा करा. बसण्याआधी रिक्षावाल्याला मात्र विचारून घ्या.