माडाचे तात्या

कोकणात ज्या घराच्या परसात माड आहे, त्या घराला एक तात्या लागू असतो. तो नात्यातला असेलच असे नाही. बहुधा वरच्या आळीतला, मुंबईची नोकरी संपवून गावी परतलेला आणि चालताना समोर न बघता शेंड्याकडे बघणारा. आमचे तात्या या सवयीपायी एकदा गडग्यावरून खाली आले. पडल्या जागेवरून त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की तिसऱ्या माडाची पोय वाकडी आली आहे.

तात्या 'काय, बरे आहात ना?' असे कधी विचारत नाहीत. फाटकातूनच म्हणतात, "पोटॅश कमी पडतंय हो!" घरात कुणी तापाने फणफणलेले असले तरी आधी माडाची चौकशी, मग माणसाची. "बघा, जुन्या झावळ्या टोकाकडून कशा पिवळ्या पडल्यात." आता हे निदान चुकीचे नसते, हीच तर खरी पंचाईत. पोटॅशची वाण पडली की माड जुन्या पानांतले काढून कोवळ्या पानांना पुरवतो, म्हणून खालच्या झावळ्या आधी करपतात. तात्यांना रोग कळतो. औषध मात्र त्यांच्याकडे एकच आहे, आणि ते म्हणजे मीठ. फळगळ झाली, मीठ. शहाळे पातळ निघाले, मीठ. तेही थेट बुंध्याशी, पसाभर, देवाला अक्षता टाकाव्यात तशा भक्तिभावाने.

मिठात अगदीच तथ्य नाही असे नाही. माडाला क्लोरीन लागते आणि फिलिपाइन्ससारख्या देशात माडांना रीतसर मीठ घालतात. पण मिठातून पोटॅश कसे मिळणार? उलट दुकानात मिळणाऱ्या म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये पोटॅशही असते आणि क्लोरीनही. हे तात्यांना सांगून पाहावे. ते डोळे बारीक करतात आणि विचारतात, "आमच्या आजोबांनी कुठे पाहिलं होतं तुमचं म्युरेट?" आजोबा मध्ये आले की वाद मिटतो. कासरगोडच्या संशोधन संस्थेची शिफारस मोठ्या माडाला वर्षाकाठी 500 ग्रॅम नत्र, 320 ग्रॅम स्फुरद आणि 1200 ग्रॅम पालाश अशी आहे, म्हणजे पालाश नत्राच्या दुपटीहून जास्त. तात्यांच्या मते ते केरळातले. बरे, रत्नागिरीजवळ भाट्याला नारळाचे संशोधन केंद्र आहे, तिथे विचारू या म्हणावे, तर ते सरकारी.

एकदा तात्या हातोडी आणि लोखंडी खिळा घेऊन आले. न धरणाऱ्या माडाला खिळा मारला की तो घाबरून धरतो, असे त्यांचे म्हणणे. माड आंब्यासारखा नाही. त्याच्या खोडाला साल धरून भरून येणारी जखम ठाऊकच नसते, एकदा पडलेले भोक जन्मभर राहते आणि तिथून सोंड्या भुंग्याला आयते दार मिळते. हे ऐकून तात्या थोडे हिरमुसले. मग शेजारी गेले. शेजाऱ्यांचा माड आता घाबरलेला आहे.

स्वतः तात्या माडावर कधी चढले नाहीत. शेंड्यातल्या पानांना कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी तुकडे दिसले तेव्हा त्यांनी खालूनच 'बोरॉन' असे जाहीर केले. पाडेली वर गेला आणि गेंड्या भुंगा आकड्याने बाहेर ओढून खाली टाकला. तात्या भुंग्याकडे बघून म्हणाले, "तेच म्हणत होतो मी." या भुंग्याच्या अळ्या कुजत्या शेणखतात वाढतात. गावातला सगळ्यात मोठा, वर्षानुवर्षे न उपसलेला खड्डा कुणाच्या परसात आहे, ते पाडेल्याला ठाऊक होते. तो सभ्य माणूस, बोलला नाही.

तरी गावात तात्यांचा शब्द खाली पडत नाही. याचे कारण तात्यांत नाही, माडात आहे. पोयीचा कोंब झाडाच्या पोटात धरतो तो ती बाहेर दिसण्याच्या बत्तीसेक महिने आधी, आणि पोय उमलल्यावर नारळ पिकायला आणखी बारा महिने. आज घातलेल्या खताचा पुरता हिशेब हाती यायला तीन वर्षे सहज जातात. तोपर्यंत कुणी काय सांगितले होते, हे कुणाला आठवणार? नारळ लागले तर मिठाने लागले. नाही लागले तर तुम्ही अमावास्येला घातले असणार. डॉक्टरला, वकिलाला, ज्योतिषालाही इतकी मुदत मिळत नाही.

आता वाटेल की तात्यांचा स्वतःचा माड वांझ असेल. छे! घडांनी लवलेला आहे. तात्या येणाऱ्याजाणाऱ्याला तो दाखवतात आणि मिठाचे गुण गातात. मागच्या दारी काकू मोरीचे पाणी त्याच माडाच्या आळ्यात सोडून देतात. आळेही कसे, बुंध्यापासून चांगले पाच-सहा फूट लांबपर्यंत खणलेले, कारण माडाला सोटमूळ नाही आणि खाणारी मुळे तिथवर पसरलेली असतात. तळाशी नारळाची सोडणे पुरलेली, ओल धरून ठेवायला. चुलीतली राख, शेणखत, आणि पाऊस सुरू होताना नि सरताना अशी दोनदा विभागून खताची मात्रा. मिठाचे काय करता, असे मी काकूंना विचारले.

"ते देतात ना आणून," काकू म्हणाल्या, "लोणच्याला होतं."

तुमच्याकडेही असे कुणी तात्या येत असतील, तर त्यांना चहा द्या, मनसोक्त बोलू द्या, मीठही ठेवून घ्या. हातोडी मात्र फाटकातच काढून घ्या.